झेंडूचा अर्थ कोण लावतो?

आमच्या मराठी समीक्षेत फुलांचे अर्थ जातीसारखे जन्मतःच ठरलेले असतात. मोगरा म्हणजे शुचिता, गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे अलिप्तता, झेंडू म्हणजे मांगल्य. विद्यार्थी तेच पाठ करतात आणि शिक्षक म्हणून मीही वर्षानुवर्षे त्यालाच गुण देत आलो. आज या अर्थांची झाडाझडती घेतली पाहिजे. त्यासाठी एक झेंडू पुरे. घरच्या परसात आणि नगरपालिकेच्या बागेत, दोन्हीकडे तो असतो.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. कोलंबस 1492 साली अमेरिकेला पोचला, त्याआधी हे फूल आपल्याकडे नव्हते. वेदांना ते ठाऊक असण्याचे कारणच नाही. मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. गेलेल्या माणसांना घर सापडावे म्हणून तिथे झेंडूच्या पाकळ्यांनी वाट आखतात. इथे तेच फूल मंगल ठरले, तोरणात चढले, गाभाऱ्यात गेले. समुद्र ओलांडून आलेल्या फुलाला कोणी कुळ विचारले नाही. आणि याच मातीत जन्मलेल्या माणसांना मात्र 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रहाला उभे राहावे लागले! दरवाजे बंद होते. तेव्हा पावित्र्य फुलातही नसते आणि मातीतही नसते. दार ज्याच्या ताब्यात, तो ते वाटतो.

माझी आई नगरपालिकेत झाडूवाली होती. दसरा झाला की दुसऱ्या पहाटेपासून तिच्या ढकलगाडीत झेंडूच्या कुजक्या माळांचा ढीग असे. ओल्या माळा फार जड होतात. ती म्हणायची, "काल देवाच्या गळ्यात, आज माझ्या गाडीत." तिच्या हातांचा तो वास दोन-दोन दिवस जात नसे. बागेवरच्या ललित लेखांत रंगीत ताटवे भरपूर भेटतात. ताटवे खुरपणारी बाई भेटत नाही.

याच झेंडूला आमच्या घरी आणखी एक अर्थ होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. दाराशी तेलाच्या डब्यात आईने लावलेला झेंडू दरवर्षी त्या दिवशी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे जाई. हा अर्थ आम्हाला कोणी दिला नव्हता. तो आम्ही लावला होता.

काही तरुण मित्र म्हणतात, ही त्यांची फुले आपण टाकून देऊ. बाभूळ आणि धोत्रा हीच आपली प्रतीके. मला हे मान्य नाही. फूल टाकले की अर्थ लावण्याचा हक्कही आपण टाकतो. झेंडूवर जरूर लिहा. मात्र तो कोणी खुडला, कोणी ओवला आणि दुसऱ्या दिवशी कोणी झाडून काढला, हेही लिहा. ते ज्या कवितेत नसेल, तिला निदान माझ्याकडून तरी पूर्ण गुण मिळणार नाहीत.