मधमाशीचे मोल : परागीभवनाच्या अर्थशास्त्राची चिकित्सा

जेम्स मीड यांनी १९५२ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मधील निबंधात सफरचंदाची बाग आणि शेजारचा मधमाशीपालक यांचे उदाहरण मांडले. मकरंदाचा मोबदला बागायतदारास नाही, परागीभवनाचा मधपाळास नाही. सबब येथे बाजारयंत्रणा अपुरी पडते, असे त्यांचे प्रतिपादन. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण रुजले. प्रत्यक्ष बागांत काय चालते याची चौकशी स्टीव्हन च्युंग यांनी केली, ती १९७३ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मधपेट्या भाड्याने देण्याचे तोंडी व लेखी करार सर्रास होत असत. सफरचंदाच्या फुलोऱ्यातून मध फारसा मिळत नाही, म्हणून बागायतदार शुल्क देई. मध भरपूर असेल तेथे मधपाळच जमीनमालकास मोबदला देई. शेजाऱ्याच्या माश्यांवर कोणी आपले काम भागवू नये यासाठी पेट्यांच्या प्रमाणाचा रिवाजही होता.

च्युंग यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो पेटीतल्या माशीपुरता. वन्य माशीच्या वतीने करारावर सही कोण करणार? आणि पेटीने तिची जागा भरून निघते असेही नाही. गॅरिबाल्डी व सहकाऱ्यांनी २०१३ साली ४१ पीकपद्धतींच्या अभ्यासातून दाखविले की, पाळीव मधमाश्या कितीही असल्या तरी वन्य कीटकांमुळे फलधारणेत स्वतंत्र भर पडते.

मग या सेवेची किंमत काढण्याचा मार्ग उरतो. टेलर रिकेट्स व सहकाऱ्यांनी २००४ साली कोस्टारिकातील एका कॉफीमळ्यासंबंधी असा हिशेब मांडला. जंगलापासून सुमारे एक किलोमीटरच्या आत कॉफीचे उत्पादन २० टक्क्यांनी अधिक होते. दोन वनखंडांतील परागवाहकांचे मोल वर्षाला सुमारे ६०,००० डॉलर भरले. मोजणी काटेकोर होती. मात्र कॉफीचे भाव कोसळल्यावर त्या मळ्यात कॉफी काढून अननस लावण्यात आला, याकडे डग्लस मॅकॉली यांनी २००६ साली 'नेचर'मध्ये लक्ष वेधले. अननसाच्या व्यापारी लागवडीत परागीभवन नकोच असते, कारण त्याने फळात बिया धरतात. जंगल तेच, माश्याही त्याच. मोल मात्र शून्यावर आले. त्या आकड्यात माशीपेक्षा कॉफीचा भावच अधिक मोजला गेला होता.

संवर्धनाचा आधार म्हणून असे आकडे पुढे करणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण आहे. क्लाइन व सहकाऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासानुसार वन्य माश्यांकडून होणाऱ्या पीक-परागीभवनापैकी जवळजवळ ८० टक्के काम अवघ्या दोन टक्के जाती करतात. उरलेल्या जातींच्या नावे या हिशेबात जवळपास काहीच जमा होत नाही.