जिवंत मूत्रपिंडदात्याची तपासणी आणि कार्यक्षमतेचे मापन : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या आणि शस्त्रक्रियेस योग्य असलेल्या रुग्णासाठी प्रत्यारोपण हा डायलिसिसपेक्षा श्रेयस्कर उपाय आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आता दुमत राहिलेले नाही. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात बसविले. त्या दिवसापासून वैद्यकाने एक वेगळाच नैतिक भार स्वीकारला : ज्याला कोणताही आजार नाही अशा माणसावर, त्याच्या स्वतःच्या शरीराला काहीही लाभ नसताना, मोठी शस्त्रक्रिया करण्याचा. भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणांपैकी बहुसंख्य आजही जिवंत दात्यांमुळेच होतात. त्यामुळे दात्याची पूर्वतपासणी किती वेळात व कितपत निर्दोषपणे पार पडते, हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा ठरतो. ही कार्यक्षमता मोजण्यासाठी अलीकडे जी मापे सुचविली गेली, त्यांची चिकित्सा अंतर्गत रायगडमधील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या परिस्थितीच्या आधारे करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मापनाची प्रचलित चौकट

या विषयाला संख्याशास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय प्रामुख्याने कॅनडातील स्टीव्हन हॅबस, अमित गर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. कॅनडा व ऑस्ट्रेलियातील अनेक केंद्रांमधील दात्यांचा त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीच्या प्रारंभापासून दानापर्यंतचा मध्यक काळ सुमारे दहा महिने असल्याचे त्यात आढळले. सुसज्ज देशांतही इतका काळ जातो ही बाब धक्कादायक होती आणि ती उघड करणे हे या अभ्यासाचे निर्विवाद योगदान होय. आठवड्याला तीन या हिशेबाने दहा महिन्यांत डायलिसिसच्या जवळपास १३० खेपा होतात. या काळात रुग्णाची प्रकृती ढासळू शकते आणि प्रत्यारोपणाची संधीही हातची जाऊ शकते.

या विषयावरील लेखनातून जी मापे पुढे आली ती साधारणतः अशी : प्रारंभापासून मान्यतेपर्यंतचा काळ, मान्यतेपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा काळ, तपासल्या गेलेल्या इच्छुकांपैकी प्रत्यक्ष दान करणाऱ्यांचे प्रमाण आणि डायलिसिस सुरू होण्यापूर्वीच झालेल्या प्रत्यारोपणांची संख्या. बेलफास्ट येथील केंद्राने तर दात्याच्या बहुतेक सर्व तपासण्या एकाच दिवसात उरकण्याची पद्धत अंगीकारली. कल्पना उत्तम आहे. आपल्याकडे तिची गरज बेलफास्टपेक्षाही अधिक आहे. मात्र या सर्व मापांमागे एक गृहीतक दडलेले आहे. मोजणीचे घड्याळ रुग्णालयाच्या दारात सुरू होते आणि शस्त्रक्रियागृहात थांबते. शिवाय २०१८ चा तो अभ्यास ज्यांनी मूत्रपिंड दिले त्यांच्यावर आधारलेला होता. ज्यांनी दिले नाही, ज्यांना देता आले नाही किंवा जे मध्येच थांबले, त्यांचा काळ त्या सरासरीत येत नाही.

घड्याळ कोठे सुरू होते?

कर्जत हे मध्य रेल्वेवरील मुंबईपासून सुमारे १०० किलोमीटरवरचे स्थानक. खालापूर तालुक्यातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. नकाशावर पाहता हा प्रदेश महानगराच्या उंबरठ्यावर आहे. तथापि दात्याच्या तपासणीसाठी मुंबई वा नवी मुंबईतील केंद्र गाठावे लागते, आणि द्रुतगती मार्ग गावावरून जातो म्हणून गावकऱ्याचा प्रवास द्रुत होतोच असे नाही. भीमाशंकरच्या पायथ्याकडील एखाद्या वाडीतून आधी कशेळे, मग कर्जत वा नेरळ, तेथून दोन तासांहून अधिक लोकलचा प्रवास, आणि त्यानंतर रुग्णालयातील रांग. रक्तगट, ऊतिजुळणी, क्रॉसमॅच, चोवीस तासांच्या लघवीची तपासणी, मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा स्कॅन, सी.टी. अँजिओग्राफी, हृदयतपासणी, मानसोपचारतज्ज्ञाची भेट या सर्वांसाठी समजा आठ खेपा झाल्या, तर दात्यासह सोबत येणाऱ्या माणसाचेही आठ दिवस जातात. सोळा दिवसांची मजुरी बुडते. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र हा सर्व काळ आठ भेटी एवढाच दिसतो.

महाराष्ट्र शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी या योजनेत इतर उपचारांहून अधिक मर्यादा ठेवण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अडसर त्यामुळे काही अंशी दूर झाला; खेपांचा झाला नाही.

यापेक्षाही अधिक काळ कागदपत्रांत जातो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातील २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनुसार जवळच्या नातेवाइकाला आपले नाते कागदोपत्री सिद्ध करावे लागते. पती-पत्नी, आई-वडील, मुले व भावंडे यांच्या जोडीला २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे यांचाही या व्याख्येत समावेश केला. कागदांवरून नाते निर्विवाद ठरत नसेल तर डी.एन.ए. चाचणी सांगता येते. नोकरदार कुटुंबाला जन्मदाखला, विवाहनोंदणी, शिधापत्रिका या गोष्टी सहज वाटतात. कर्जत-खालापूरमधील ठाकूर व कातकरी वाड्यांतील कुटुंबाला त्यांतील एकेका कागदासाठी ग्रामपंचायत व तहसील कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागणे नवलाचे नाही. वाडीवर झालेल्या विवाहाची नोंद नसणे आणि जन्मतारीख अंदाजाने लागलेली असणे, हे येथील वास्तव आहे. त्यातच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. तपासणी अर्धवट राहते आणि रुग्णालयाच्या दप्तरात 'दात्याने पाठपुरावा केला नाही' अशी नोंद होऊ शकते.

नियमांत वेळेचे बंधन नाही असे नाही. प्राधिकार समितीने बैठकीनंतर चोवीस तासांत अंतिम निर्णय द्यावा, असे २०१४ चे नियम सांगतात. परंतु हे चोवीस तास बैठक झाल्यावर सुरू होतात. बैठकीपर्यंत पोहोचण्यात गेलेल्या महिन्यांना हे बंधन लागू पडत नाही.

विलंबाचे दोन प्रकार

येथवरच्या विवेचनावरून घड्याळ अलीकडे आणावे आणि वेग वाढवावा, एवढीच मागणी आहे असे वाटण्याचा संभव आहे. प्रश्न तेवढा सरळ नाही. २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या प्रकरणांत परक्या स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून उभे केल्याचे आरोप झाले. तेथे कागदपत्रे 'पूर्ण' होती. केवळ काळ मोजणाऱ्या मापाला अशी फाईल उत्तम कामगिरीचा नमुना वाटली असती! कर्जतच्या खऱ्या पत्नीकडे विवाहनोंदणी नाही म्हणून ती रखडते आणि बनावट पत्नीकडे ती असल्यामुळे पुढे सरकते, हा विरोधाभास कोणत्याही सरासरीत दिसणार नाही.

भारतात जिवंत दात्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुषांचे अधिक, हे वारंवार दिसून आले आहे. दाता स्त्री असेल तर तिची ओळख व स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी, असे नियमांतही नमूद आहे. आता 'एका प्रत्यारोपणामागे किती इच्छुक तपासले' हे माप घेऊ. पती आजारी असेल, पत्नी एकटीच पुढे आली आणि तिचेच मूत्रपिंड जुळले, तर हे माप सर्वाधिक कार्यक्षमता दाखवील. धाकट्या भावाला कोणी विचारलेच नाही, ही गोष्ट त्यात कोठे येते? घरात झालेली ही निवड रुग्णालयाच्या पहिल्या नोंदीपूर्वीच पूर्ण झालेली असते.

दुसरे उदाहरण शेतीचे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दात्याला जड ओझे उचलता येत नाही. भातलावणी तोंडावर असताना एखादी स्त्री 'लावणी झाल्यावर बघू' म्हणाली, तर त्यातून दोन अर्थ निघू शकतात. कदाचित तिला खरोखर सवड हवी आहे. कदाचित तिला नकार द्यायचा आहे आणि सासरच्या माणसांसमोर तो शब्द उच्चारता येत नाही. दाता शेवटच्या क्षणापर्यंत माघार घेऊ शकतो, हे तत्त्व २०१७ च्या आंतरराष्ट्रीय 'केडिगो' मार्गदर्शक तत्त्वांनीही मान्य केले आहे. असा नकार कुटुंबात उघड होऊ नये म्हणून काही डॉक्टर केवळ 'दाता म्हणून योग्य नाही' एवढेच सांगतात. हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्यामुळे 'अपात्र ठरलेले इच्छुक' हा आकडा संमिश्र बनतो. त्यात उच्च रक्तदाबाचे रुग्ण असतात आणि न बोलता नाही म्हणालेल्या सुनाही असतात. यशाचे प्रमाण काढताना या दोहोंना एकाच रकान्यात 'अपव्यय' म्हणून टाकणे केवळ अशास्त्रीय नव्हे, तर अन्यायकारक आहे. दुसऱ्या गटातील प्रत्येक नोंद ही तपासणीने आपले काम केल्याची खूण मानावयास हवी.

म्हणून रुग्णालयाच्या नोंदवहीत एकच प्रारंभतारीख न ठेवता दाता प्रथम घरी विचारला गेला तो महिना, पहिला कागद मागितला तो दिवस आणि पहिली तपासणी झाली तो दिवस अशा तीन तारखा ठेवता येतील. त्यासोबत खेपांची संख्या, आणि थांबण्याचे कारण दात्याने एकांतात सांगितले असल्यास ते कुटुंबाच्या हाती न लागेल अशा स्वतंत्र नोंदीत. रक्तगट, साखर, रक्तदाब, क्रिएटिनीन व लघवीची प्राथमिक तपासणी मुंबईऐवजी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात करून घेतली, तर जे दाते या टप्प्यावरच अपात्र ठरतात त्यांचा लोकलचा प्रवास तरी वाचेल. मात्र मानसोपचारतज्ज्ञाची किंवा समुपदेशकाची भेट या एकत्रीकरणात ओढून घेऊ नये. ती दुसऱ्या दिवशी, पतीला व सासूला बाहेर बसवून, आणि दात्याला कळेल अशा बोलीत व्हावी. तिच्यात गेलेला वेळ विलंबाच्या रकान्यात मांडू नये.