हेरपटाचे विडंबन आणि संविधानकातील कच्चे दुवे : ‘अवर मॅन बशीर’च्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गात एखाद्या कथेची चर्चा सुरू झाली की विद्यार्थ्यांच्या वह्यांतून प्रथम बाहेर पडते ती संविधानकातील कच्च्या दुव्यांची यादी. अमक्या पात्राला ही गोष्ट कळली कशी, तमके दार उघडे राहिले कसे, नायक हाती सापडूनही खलनायकाने त्याला तत्काळ ठार का केले नाही, इत्यादी. यादी जितकी लांब तितकी समीक्षा सखोल, अशी एक समजूत हळूहळू रूढ होत आहे. असे दोष दिसणे ही वाचकाच्या जागरूकतेची खूण होय, हे मी नाकारीत नाही. परंतु सर्व कच्चे दुवे एकाच जातीचे असतात काय, आणि क्वचित एखादा कच्चा दुवाच कृतीचा आधारस्तंभ असू शकतो काय, हे प्रश्न त्या यादीत कोठेच उपस्थित होत नाहीत. ते उपस्थित करण्यासाठी मी येथे मुद्दाम एक हलकीफुलकी कृती निवडली आहे. गंभीर कृतीच्या बाबतीत आपण तिच्या कीर्तीला भिऊन दोष पोटात घालतो. येथे ती भीती नाही.

‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेतील (१९९३–१९९९) ‘अवर मॅन बशीर’ हा भाग २७ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रथम दाखविला गेला. पटकथा रोनाल्ड मूर यांची, दिग्दर्शन विनरिख कोल्बे यांचे. स्थळ चोविसाव्या शतकातील एक अंतराळस्थानक. तेथील तरुण वैद्य ज्यूलियन बशीर हा फावल्या वेळी ‘होलोसूट’मध्ये जाऊन १९६४ सालच्या पृथ्वीवरील गुप्तहेराची भूमिका जगत असतो. होलोसूट म्हणजे हवे ते स्थळ आणि हवी ती पात्रे हुबेहूब उभी करणारा आभासकक्ष. या खेळात त्याचा परिचित गॅरॅक न बोलावता येऊन सामील होतो. गॅरॅक हा कार्डेशियन वंशाचा, पेशाने शिंपी आणि पूर्वायुष्यात खराखुरा हेर. इकडे स्थानकाचे पाच अधिकारी ज्या लहान यानातून परतत असतात त्यात घातपात होऊन स्फोट होतो. वहनयंत्राने त्यांना शेवटच्या क्षणी उचलले जाते खरे, पण पुन्हा सदेह उभे करता येत नाही. त्यांचे आकृतिबंध नष्ट होऊ नयेत म्हणून संगणकाला ते मिळेल तेथे साठविण्याची आज्ञा दिली जाते. तो पाच मने स्थानकाच्या समग्र स्मृतीत पसरवून ठेवतो आणि पाच देह होलोसूटच्या स्मृतीत. परिणामी बशीरच्या खेळातील पाच पात्रांना या पाच सहकाऱ्यांचे चेहरे येतात. मेजर किरा रशियन हेर कर्नल अनास्तासिया होते, आणि स्थानकाचा प्रमुख सिस्को हा खलनायक डॉ. हिप्पोक्रटीस नोआ होतो. खेळातील पात्र मेले तर संगणक त्याचा आकृतिबंध अनावश्यक समजून पुसून टाकण्याचा धोका आहे. खेळ मध्येच थांबविला तरी तोच धोका. त्यातच सुरक्षाव्यवस्था बंद पडल्यामुळे आभासातील बंदुकीच्या गोळ्या आता खऱ्या झाल्या आहेत.

वाक्यार्थबोधाची चर्चा करताना आपल्या परंपरेने योग्यता, आकांक्षा आणि आसत्ति या अटी सांगितल्या आहेत, आणि विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याच वाक्याच्या लक्षणात घेतल्या आहेत. ‘अग्नीने शिंपतो’ या शब्दसमूहात योग्यता नाही, कारण शिंपण्याचे साधन होण्याची पात्रता अग्नीच्या ठिकाणी नाही. ‘गाय, घोडा, पुरुष, हत्ती’ यात आकांक्षा नाही, कारण एका पदाला दुसऱ्याची गरजच भासत नाही. या संज्ञा मी येथे थोड्या ताणून कथेला लावीत आहे. (आसत्तीचा, म्हणजे पदांच्या सलग उच्चाराचा, विचार बाजूस ठेवतो. जाहिरातींसाठी दर काही मिनिटांनी तुटणाऱ्या दूरचित्रवाणी-कथेत ती बिचारी कोठून टिकणार?) जे वस्तुस्थितीत घडूच शकत नाही ते कथेत घडले, तर तो योग्यतेचा भंग. जे घडले त्यामुळे ‘का?’ असा प्रश्न उभा राहिला आणि कथेने त्याला उत्तर दिले नाही, तर तो आकांक्षेचा भंग.

पहिल्या प्रकारचा भंग रसिक सहसा क्षमा करतो, दुसऱ्या प्रकारचा करीत नाही. संभवनीय वाटणारे अशक्य हे असंभाव्य वाटणाऱ्या शक्यापेक्षा बरे, या ॲरिस्टॉटलच्या अभिप्रायाचा रोखही याच दिशेने आहे. प्रस्तुत भागातील डॉ. नोआचा बेत पाहा. भूगर्भातील लाव्हा बाहेर काढून भूपृष्ठ सर्वत्र खाली खचवायचे, म्हणजे सारे जग समुद्रात बुडेल आणि एव्हरेस्टवरील आपले आश्रयस्थान तेवढे बेट होऊन उरेल! पण भूपृष्ठ सर्वत्र सारखेच खचले तर समुद्राचा तळही खचणार, मग पाणी चढेल कसे? पृथ्वीवरील सर्व बर्फ वितळले तरी सागराची पातळी सुमारे ७० मीटरच वाढेल, आणि एव्हरेस्टची उंची आहे ८,८४९ मीटर. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. तरीही हा बेत ऐकताना कोणी प्रेक्षक अडखळत नाही, व अडखळू नये. खलनायकाचा बेत अचाट असावा हा त्या कथाप्रकाराचा संकेतच आहे. ज्या विद्यार्थ्याने हा दोष वहीत टिपून घेतला असेल त्याने भूगोल चांगला वाचला आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

हेरपटांचा खरा कच्चा दुवा निराळा, आणि तो दुसऱ्या जातीचा आहे. ‘गोल्डफिंगर’मध्ये (१९६४) नायकाला मेजावर जखडून त्याच्याकडे लेसरचा किरण सावकाश सरकविला जातो. शेजारी पिस्तूलधारी सेवक उभे असताना हा विलंब कशासाठी? अशक्य असे यात काही नाही. खलनायक मूर्ख असू शकतो. पण प्रश्न उभा राहतो आणि उत्तर येत नाही. उत्तर कथेबाहेर आहे : नायक मेला तर चित्रपट संपेल. अर्थात खलनायक विलंब करतो तो स्वतःसाठी करीत नाही, पटकथाकारासाठी करतो. त्याचप्रमाणे नायकाच्या हातून दुय्यम पात्रे पटापट मरतात आणि त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. ती पात्रे नसून जागा भरणारी पदे आहेत.

आता ‘अवर मॅन बशीर’ने काय केले ते पाहावे. येथे विलंब नायकाला करावा लागतो. अनास्तासियाला, फाल्कनला, खुद्द नोआलाही तो मारू शकत नाही, मरू देऊ शकत नाही आणि खेळ आटोपूही शकत नाही. बाहेर स्थानकावर वहनयंत्राची जोडणी पूर्ण होईपर्यंत कथा कशीबशी चालू ठेवणे एवढेच त्याच्या हाती आहे. म्हणजे पटकथाकाराची गरज प्रथमच पात्राची गरज झाली. जो प्रश्न मूळ हेरपटांत अनुत्तरित होता तो येथे खलनायकाकडून उचलून नायकाकडे दिला आहे आणि त्याला उत्तर पुरविले आहे. ते उत्तर मिळते विज्ञानकथेच्या योग्यताभंगातून, त्या अशक्य वहनयंत्रातून. एका कथाप्रकाराची क्षम्य अशक्यता दुसऱ्या कथाप्रकाराची अक्षम्य उणीव भरून काढते. या भागाचे यश येथे आहे, केवळ हेरपटातील वेष, संगीत आणि फिरता पलंग यांच्या नकलेत नाही.

विडंबन म्हटले की आपल्यापुढे अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ (१९२५) येतात. तेथे मूळ शैलीची लकब अतिशयोक्त करून ती हास्यास्पद केलेली असते. येथील विडंबनाची जात निराळी आहे. किंबहुना हे विडंबनाचेच विडंबन आहे आणि याची कबुली नावांतच दडलेली आहे. शीर्षक घेतले आहे ‘अवर मॅन फ्लिंट’ (१९६६) या चित्रपटावरून, आणि तो चित्रपट बाँडपटांचीच थट्टा करणारा होता. ‘नोआ’ हे नाव बाँडच्या पहिल्या चित्रपटातील ‘डॉ. नो’च्या (१९६२) जवळचे असले तरी ते प्रथम योजले १९६७ सालच्या ‘कॅसिनो रोयाल’ या प्रहसनाने. ‘हनी बेअर’, ‘मोना लव्हसिट’ ही स्त्रीपात्रांची नावे तर नावेच नव्हेत. भरभर उच्चारली की त्यांतून इंग्रजीतील एक चावट विशेषण किंवा आख्खे वाक्य निघते. विशेषनामाचे काम व्यक्तीचा निर्देश करण्याचे, वर्णन करण्याचे नव्हे. हेरपटातील स्त्री वर्णनापलीकडे काही नसते, हे या नावांच्या घडणीवरूनच समजावे.

पण शीर्षकाची परंपरा फ्लिंटपाशी थांबत नाही. तिच्या मागे ग्रॅहॅम ग्रीनची ‘अवर मॅन इन हॅवाना’ (१९५८) ही कादंबरी आहे. तिच्यातील साधा विक्रेता पैशासाठी हेर बनतो, काल्पनिक हस्तकांची नावे वरिष्ठांना कळवितो, आणि पुढे त्या नावांची खरी माणसे संकटात सापडतात. एकाचा तर मृत्यूही होतो. कल्पित पात्राला खरा देह चिकटला की लेखक जबाबदार ठरतो, हे ग्रीनचे सूत्र प्रस्तुत भागात जसेच्या तसे आले आहे. पटकथाकाराच्या मनात ते होते की नव्हते याने फारसे बिघडत नाही. बशीरने आजवर या खेळात किती आभासी माणसे लोळविली असतील! त्याच पात्रांना सहकाऱ्यांचे चेहरे येताच त्याच्या हाताला कंप सुटतो.

येथे गॅरॅकचे महत्त्व कळते. तो या भागातला समीक्षक आहे. प्रत्येक संकेताकडे बोट दाखवून तो विचारतो, खरा हेर असे वागेल काय? त्याच्या टीकेत आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीतील सर्व मुद्दे आले आहेत, आणि सर्व बरोबर आहेत. परंतु त्याच्या वास्तवनिष्ठेचा शेवट कोठे होतो? काही जणांना गमवावे आणि उरलेल्यांनी प्राण वाचवावेत, या सल्ल्यात. तो खेळ थांबविण्याची आज्ञा देऊ लागतो तेव्हा बशीर त्याच्यावर गोळी झाडतो. ती गॅरॅकच्या मानेला चाटून जाते. त्या गोळीने अवघा भाग गंभीर होतो. हिप्पोक्रटीस हे नाव येथे खलनायकाला दिले आहे, आणि त्या नावाच्या शपथेचे ओझे मात्र हेराच्या पोशाखातील वैद्यावर आहे. पाच जणांचे प्राण वाचविण्यासाठी वैद्य सहाव्यावर शस्त्र चालवितो. त्याला हे शोभते काय, या प्रश्नाचे उत्तर भाग देत नाही, आणि ही आकांक्षा अपुरी राहिली याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. काही ‘का’ प्रेक्षकाने घरी न्यावयाचे असतात.

शेवटी वेळ काढण्याचा एकच मार्ग उरतो. बशीर नोआच्या पक्षाला मिळतो आणि स्वतःच्या हाताने कळ दाबून जग बुडवितो. नोआ गोंधळतो. आपण जिंकू अशी त्याची अपेक्षाच नव्हती. हेरपटाच्या व्याकरणात या वाक्यानंतर येणारे वाक्य अस्तित्वातच नाही. तो भांबावलेला क्षण माझ्या मते सबंध भागातील सर्वोत्कृष्ट विनोद होय.

इतके श्रेय दिल्यावर जे खरोखरच कच्चे आहे ते सांगितले पाहिजे. पाच देह नेमके पाच प्रमुख भूमिकांतच बसले, एकही हॉटेलातील वाढप्याच्या वाट्याला गेला नाही, हा योगायोग मी सोडून देतो. विनोदाला तेवढी सवलत असते. सोडता येत नाही ती हनी बेअर. चष्मा उतरवून केस मोकळे करताच शास्त्रज्ञ स्त्री पक्ष बदलते आणि तिच्याच मदतीने नायकाची बंधनातून सुटका होते. का? विलंबाच्या प्रश्नाला उत्तर शोधणाऱ्या पटकथेने हा प्रश्न विचारलाच नाही. येथे विडंबन संपून निव्वळ पुनरावृत्ती उरते, आणि मूळ चित्रपटांचा स्त्रीविषयक आळस तसाच पुढे चालू राहतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. यानातील घातपाताचे खापर एका कार्डेशियन अतिरेकी गटावर फोडले जाते आणि विषय तेथेच मिटतो. त्याच घटकेला एक कार्डेशियन माजी हेर, ज्याने हयातभर हेच उद्योग केले, तो होलोसूटमध्ये बसलेला आहे. त्याच्यावर संशय घेणे राहो, त्याला साधी माहिती विचारावी असेही कोणास सुचत नाही. आत खोट्या हेरगिरीवर त्याची मार्मिक टीका चालू असताना बाहेर घडलेल्या खऱ्या हेरगिरीबद्दल तो अवाक्षर काढीत नाही. विनोदाची सवलत येथे लागू होत नाही, कारण हा दुवा हेरपटाकडून उसना आलेला नाही, तो मालिकेचा स्वतःचा आहे. आणि ती पाच मने? तितका वेळ ती स्थानकभर, दिव्यांच्या आणि दारांच्या नियंत्रणासाठी राखलेल्या स्मृतीत विखुरलेली होती. देह परत आले, यंत्रे पूर्ववत झाली, बशीरने आपला हेर पुन्हा येईल असे बाँडपटांच्या थाटात बजावले. पाच मने तेथे असताना त्यांना काय जाणवले, हे मात्र त्या वैद्यानेही विचारले नाही.