वीस डॉलरची तन्हाई

'फोटो काढून घेणे' आणि 'फोटो काढला जाणे' यांत मराठीने फरक ठेवला आहे. उर्दूतही 'तसवीर खिंचवाना' वेगळे आणि 'तसवीर खींच लेना' वेगळे. पहिल्यात फोटोतल्या माणसाची मर्जी असते, दुसऱ्यात केवळ फोटो काढणाऱ्याची. छायाचित्रांविषयी बोलताना मात्र आपण हा फरक विसरतो आणि एक ढोबळ निकष लावतो : नकळत टिपलेला फोटो खरा, मांडणी करून काढलेला फोटो खोटा. शहरी माणसाच्या एकाकीपणावरची छायाचित्रे पाहताना तर हा निकष हमखास पुढे येतो. सांगून उभे केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर खरी तन्हाई कशी उमटेल, अशी शंका घेतली जाते. अमेरिकन छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डीकॉर्सिया यांच्या दोन चित्रमालिका शेजारी ठेवून पाहिल्या की हा निकष किती तकलादू आहे ते कळते.

डीकॉर्सिया यांचा जन्म १९५१ चा. १९७८ साली त्यांनी आपल्या भावाचा एक फोटो काढला, 'मारिओ'. स्वयंपाकघर, उघडा फ्रीज आणि आत पाहत उभा असलेला भाऊ. घरच्या अल्बममध्ये सहज खपून जावा असा हा फोटो. पण भावाच्या चेहऱ्यावरचा उजेड फ्रीजच्या दिव्याचा नाही, आत फ्लॅश लपवलेला होता. रोजचे, ओळखीचे दृश्य आधी ठरवायचे, त्यात उजेड पेरायचा आणि मग माणूस आणायचा, ही त्यांची पद्धत इथेच दिसते.

हीच पद्धत घेऊन १९९० ते १९९२ या काळात ते लॉस एंजेलिसमधल्या हॉलिवूड भागात फिरले. सांता मोनिका बुलेवार्ड या रस्त्यावर देह विकून पोट भरणारे तरुण उभे असत. डीकॉर्सिया आधी जागा निवडत : मोटेलची खोली, वाहनतळ, रस्त्याचा कोपरा. दिवे लावून, सहायकाला उभे करून चौकट पक्की करत. मग रस्त्यावर जाऊन एखाद्या तरुणाला विचारत की, फक्त फोटोसाठी उभा राहशील का आणि किती घेशील? पैसे सरकारी कलानिधीकडून मिळालेल्या शिष्यवृत्तीतले होते. 'हसलर्स' या मालिकेतल्या प्रत्येक फोटोच्या शीर्षकात त्या तरुणाचे नाव, वय, गाव आणि दिलेली रक्कम येते. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ही छायाचित्रे लागली.

त्यातला एक तरुण एकवीस वर्षांचा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, वीस डॉलरचा. खाणावळीच्या काचेतून आपण बाहेर पाहतो. अलीकडे टेबलावर हॅम्बर्गर, पलीकडे उघड्या अंगाने उभा तो. दोघांमध्ये फक्त काच. भूक, विक्री आणि एकटेपणा यांची एवढी सरळ मांडणी क्वचितच पाहायला मिळते. इथे सारे ठरवून केलेले आहे आणि ते लपवलेलेही नाही. सौदा शीर्षकातच लिहिला आहे.

आता दुसरी मालिका पाहू. २००० च्या सुमारास डीकॉर्सिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पदपथावरच्या सांगाड्यावर फ्लॅश बसवला आणि लांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. हजारो फोटोंतून निवडलेले सतरा २००१ मध्ये 'हेड्स' या नावाने प्रदर्शित झाले. यात कुणीही पोज दिलेली नाही, म्हणजे आपल्या निकषाप्रमाणे हे सर्वांत खरे फोटो. प्रत्येक चेहरा काळोखातून एकटाच वर येतो, जणू जगात दुसरे कुणी उरलेलेच नाही.

पण ती जागा टाइम्स स्क्वेअर आहे. भोवती माणसांची रीघ आहे. फ्लॅशच्या झोतात एक चेहरा उजळतो आणि त्याच्या मानाने बाकीची गर्दी अंधारात बुडते. तो माणूस कदाचित घरी, लेकरांकडे निघाला असेल. त्याचे एकाकीपण त्याच्या आयुष्यातून आलेले नाही, दिव्यातून आले आहे. मांडणी इथेही आहे. फरक इतकाच की, ती ज्याच्याभोवती रचली त्याला तिची खबर नाही.

त्या सतरांपैकी एक वृद्ध ज्यू गृहस्थ होते. त्यांच्या पंथात प्रतिमा निषिद्ध. आपला चेहरा विकला जात असल्याचे कळल्यावर २००५ मध्ये ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. हा व्यापार नव्हे, कला आहे, तिला परवानगीची गरज नाही, असे न्यायालयाने मानले. त्या छायाचित्राच्या प्रती वीस ते तीस हजार डॉलरना विकल्या गेल्या होत्या. वृद्धाच्या वाट्याला काही आले नाही आणि पैसा हा त्यांचा मुख्य सवालही नव्हता. तसवीर आणि श्रद्धा यांतली ओढाताण ज्यांनी घरात पाहिली आहे, त्या आपल्या वाचकांना त्यांची बेचैनी समजावून सांगावी लागणार नाही.

'हसलर्स'वर एक आक्षेप रास्त आहे. भुकेल्याच्या होकाराला होकार म्हणायचे का? वीस डॉलर देणारा छायाचित्रकार हा शेवटी आणखी एक गिऱ्हाईकच नव्हे काय? आहे. त्यामुळेच ती रक्कम शीर्षकात लिहिणे महत्त्वाचे ठरते. पाहणाऱ्यालाही त्या व्यवहारात ओढले जाते. 'हेड्स'मध्ये असा कुठलाच हिशेब भिंतीवर लागलेला नाही, म्हणून आपण निर्धास्तपणे त्या चेहऱ्यांवर हळहळू शकतो.

मांडणीचा आणखी एक फायदा कॅनडाच्या जेफ वॉल यांच्या 'मिमिक' (१९८२) या चित्रात दिसतो. व्हँकूव्हरच्या रस्त्यावर एका गोऱ्या माणसाने आशियाई माणसाची हावभावाने केलेली टवाळी त्यांनी पाहिली होती. ती त्यांनी नंतर इतरांना घेऊन पुन्हा उभी केली. जखम जगासमोर आली, पण ज्याला ती झाली त्याचा चेहरा चव्हाट्यावर आला नाही.

आज प्रत्येक खिशात कॅमेरा आहे. स्टेशनच्या बाकावर बसलेला म्हातारा, फुटपाथवर निजलेला मजूर, खिडकीतली बुरख्यातली बाई यांना 'एकाकी' ठरवून टिपणे फार सोपे झाले आहे. आपल्या शहरांवर असा छायाचित्रांचा संग्रह करू पाहणाऱ्या तरुणांनी नकळतपणालाच सचोटी समजू नये. आधी त्या म्हाताऱ्याला सलाम करावा, शेजारी बसावे, इजाजत मागावी. कदाचित तो नाही म्हणेल. कदाचित तो एकाकी नसेलच, नातवाची गाडी येण्याची वाट पाहत असेल. एवढे कळले तरी एक खोटा फोटो कमी झाला.