डिक फ्रान्सिस : घोड्यावरून उतरल्यानंतर

बदलीच्या गावी मराठी पुस्तकांचा दुष्काळ असतो. म्हणून स्टेशनवरच्या दुकानात हाती लागेल ते वाचावयाची सवय आपल्यापैकी पुष्कळांना जडलेली आहे. डिक फ्रान्सिस या इंग्रज कादंबरीकाराची माझी ओळख अशीच झाली. रहस्यकथा म्हणजे वाचून डब्यातच विसरावयाची वस्तू, हे माझे मत त्याने बदलावयास लावले. निदान एका पुस्तकापुरते तरी.

फ्रान्सिस (१९२०–२०१०) मूळचा जॉकी. अडथळ्यांच्या शर्यतींत त्याने साडेतीनशेच्या घरात विजय मिळविले आणि १९५३-५४ च्या हंगामात तो इंग्लंडमधील अग्रगण्य जॉकी ठरला. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो एक पराभव. १९५६ च्या ग्रँड नॅशनल शर्यतीत राजमाता एलिझाबेथ यांचा डेव्हन लॉक हा घोडा सारे अडथळे ओलांडून सर्वांच्या पुढे होता. विजयरेषा अगदी जवळ आली असता तो एकाएकी पोटावर कोसळला. का, ते निश्चित कळलेच नाही. पुढल्याच वर्षी फ्रान्सिसने शर्यती सोडल्या, आत्मचरित्र लिहिले, वृत्तपत्रात शर्यतींच्या वार्ताहराचे काम पत्करले आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६२ साली, 'डेड सर्ट' ही पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. त्यानंतर बहुधा वर्षाला एक, असा क्रम कित्येक वर्षे चालला.

एवढ्या पिकात सारेच दाणे भरलेले नसतात. त्याचे खलपुरुष नुसतेच दुष्ट असतात. नायक नाव बदलून आलेला तोच सोशिक सज्जन असतो. पण १९६५ मधील 'ऑड्स अगेन्स्ट' वेगळी आहे. तिचा नायक सिड हॅली शर्यतीतील अपघाताने डाव्या हाताने अधू झालेला जॉकी. एका गुप्तहेर संस्थेत तो नावापुरता नोकरी करतो आणि तो हात सतत खिशात लपवितो. तपासाच्या ओघात त्याला झॅना मार्टिन ही चेहरा विद्रूप झालेली बाई भेटते. येणाऱ्याला तोंड दिसू नये म्हणून कचेरीत तिने आपले टेबल फिरवून मांडलेले असते. दोघांत करार होतो : त्याने हात खिशाबाहेर काढावा, तिने टेबल वळवावे. टेबल कोणत्या बाजूस तोंड करून आहे यात माणसाचे केवढे दुःख मावते, हे कचेरीत आयुष्य काढणाऱ्यास सांगावयास नको! बंदुका आणि कटकारस्थाने मी विसरलो. ते टेबल विसरलो नाही.

'व्हिप हँड' (१९७९) मध्ये उरलेला हातही जाईल या धमकीने हॅली चक्क पॅरिसला पळून जातो. नायकाला असे भिऊ देणे हे धाडसच. त्या कादंबरीस पुरस्कार लाभले ते योग्यच झाले.

या पुस्तकांचे खरे लेखन पत्नी मेरी हिचे, असा दावा १९९९ मध्ये एका चरित्रकाराने केला. संशोधनात व संस्करणात तिचा वाटा मोठा होता, हे फ्रान्सिस स्वतःही मानीत असे. तिला पोलिओ झाला होता. 'फॉरफिट'मधील पोलिओग्रस्त पत्नीचे चित्रण त्या घरातूनच आले असावे. मुखपृष्ठावर दोन नावे असती तर मला अधिक बरे वाटले असते. परंतु पडण्याची ती भीती, तुटलेल्या हाडांची ती जाण त्याने घोड्यावरूनच आणली होती, याविषयी मला शंका नाही.

मेरी २००० साली वारली. त्यानंतर त्याची नवी कादंबरी आली ती थेट २००६ मध्ये, आणि तिच्यात परतला तो सिड हॅलीच.