दाबविद्युत ऊर्जासंकलन : व्होल्टच्या आकड्यापलीकडे

‘पावलांतून वीज’ हा प्रकल्प महाविद्यालयीन विज्ञान प्रदर्शनांत हमखास आढळतो. फळीखाली पिझोइलेक्ट्रिक चकत्या बसविलेल्या असतात. पाय पडताच एलईडी लुकलुकतो आणि मल्टिमीटर २०-३० व्होल्ट दाखवितो. अहवालात मग मंदिरे, रेल्वे स्थानके व महामार्ग या विजेवर उजळतील, असे भाकीत येते. प्रस्तुत लेखात या दाव्याची चिकित्सा करावयाची आहे.

प्येर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधलेल्या दाबविद्युत परिणामाविषयी वाद नाही. वाद मापनाचा आहे. साध्या चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड धरली आणि एका दाबाने ३० व्होल्ट निर्माण झाले, तरी साठलेली ऊर्जा अवघी ९ मायक्रोज्यूल भरते. ६० मिलिवॅटचा एलईडी सतत तेवत ठेवण्यासाठी अशा चकतीवर सेकंदाला साडेसहा हजारांहून अधिक दाब पडावे लागतील. लुकलुकणे आणि उजेड पडणे यांतील हे अंतर अहवालात क्वचितच नोंदविलेले असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. १० हर्ट्झ कंपनास याच चकतीचा अंतर्गत अवरोध सुमारे ८ लाख ओहम होतो. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारणतः १ कोटी ओहम असल्याने त्यावरील वाचन जवळजवळ भाराविनाचे असते. प्रत्यक्ष भार जोडताच व्होल्ट कोसळतात. शिवाय वीज प्रत्यावर्ती असल्याने ब्रिज रेक्टिफायर लागतो आणि त्यातील दोन सिलिकॉन डायोड व्होल्टभराहून अधिक गिळतात. रेक्टिफायरनंतरच्या खुल्या मंडलातील व्होल्टच्या साधारण निम्म्यावर कमाल शक्ती मिळते. हा बिंदू आपोआप साधणाऱ्या परिवर्तकामुळे शक्ती चौपटीहून अधिक वाढते, असे ऑटमन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले. आमच्या मते या विषयातील खरे संशोधन चकतीत नसून तिच्यामागच्या मंडलात आहे. विद्यार्थी मात्र चकत्यांची संख्याच वाढवीत राहतात.

कारंजा लाड हे श्रीनृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मस्थान. येथे दिवसाला १०,००० भाविक येतात, प्रत्येकाची २० पावले अशा फरशीवर पडतात आणि प्रत्येक पावलातून १ ज्यूल वापरता येतो, असे उदार मनाने गृहीत धरू. एकूण २ लाख ज्यूल, म्हणजे युनिटचा अठरावा भाग! त्यावर ९ वॅटचा एक दिवा सहा तास चालेल. विदर्भाच्या उन्हात एक चौरस मीटर सौर पटल एका स्वच्छ दिवसात याच्या कितीतरी पट वीज देते. कारंज्याजवळून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाबाबतचा युक्तिवाद तर मुळातच तपासावा लागतो. रस्ता दबून ऊर्जा देत असेल, तर ती वाहनाच्या इंधनातूनच येते. अधिक दबणारा रस्ता अधिक इंधन मागतो.

मग उपयुक्तता कोठे? जेथे तार नेणे वा बॅटरी बदलणे अवघड आहे, तेथे. या कापूसपट्ट्यातील जिनिंग कारखान्यांत ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावरील विद्युत मोटारींत १०० हर्ट्झचे कंपन आढळते. त्या वारंवारतेशी जुळविलेली, टोकास वजन असलेली पिझोपट्टी काही शे मायक्रोवॅटपर्यंत शक्ती देऊ शकते. ती धारित्रात साठवून मोटारीच्या बेअरिंगचे तापमान काही मिनिटांनी एकदा बिनतारी कळविता येते. मात्र मोटारीच्या वेगानुसार मुख्य कंपन सरकले, तर पट्टीची जुळणी सुटते व शक्ती झपाट्याने घटते. म्हणून अशा प्रकल्पाच्या अहवालात व्होल्टऐवजी भाररोध, वारंवारता, त्वरण आणि ठरावीक धारित्र भरण्यास लागलेला वेळ, एवढे चार आकडे परीक्षकांनी मागावेत.