नवीन आलेले

व्हिडिओ लायब्ररी ही संस्था आपल्याकडे कधी फोफावली असं विचाराल तर मी '१९८२ नंतर' असं बँकेच्या पद्धतीचं मोघम उत्तर देईन. त्या साली एशियाड आलं, रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्ही.सी.आर. आले. पण ती चालत कशावर होती हे मात्र छातीठोकपणे सांगतो : दारातल्या फळ्यावर. 'नवीन आलेले' असा खडूनं लिहिलेला मथळा आणि खाली चार नावं. या वाङ्मयप्रकाराची आपल्या समीक्षकांनी दखल घेतली नाही, हे काही बरं झालं नाही.

आमच्या कॉलनीतला फळा १९८९ च्या सुमारास असा असे : 'चांदनी', 'अशी ही बनवाबनवी', 'धूप किनारे', 'बकरा किस्तों पे'. पहिल्या दोहोंबद्दल काय लिहायचं? ती तुम्हांला पाठ आहेत. खालची दोन म्हणजे खास कराचीचा माल. कुठल्या वाटेनं येतो हे कुणी विचारत नसे. प्रतीवरून प्रत काढून चेहरे पुसट झालेले, आणि नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं की नेमकी खालून कुठल्याशा साडी सेंटरची जाहिरात सरकत जायची.

'बकरा किस्तों पे' हे उमर शरीफचं नाटक. नावातच हप्ता असल्यामुळे मला ते आमच्या खात्यातलं वाटतं. उमर शरीफ आणि मोईन अख्तर समोरासमोर आले की संहितेला रजा! हजरजबाबीपणा असा, की हसता हसता चहा नाकात जावा. पण अलीकडे मोबाइलवर पुन्हा पाहिलं तेव्हा जाणवलं, की माणसाच्या रूपावर, रंगावर टपल्या मारण्यातच फार वेळ जातो. तासाभरानं हशा तोच राहतो, फक्त बकरा बदलतो.

'धूप किनारे'चं तसं नाही. १९८७ ची मालिका, लेखन हसीना मोईन यांचं. अवखळ डॉक्टरीणबाई मरिना खान, घुम्मे वरिष्ठ डॉक्टर राहत काझमी. दिग्दर्शन साहिरा काझमींचं, म्हणजे नवऱ्याचे दुसऱ्या नटीबरोबरचे प्रेमप्रसंग बायकोनंच बसवले! (आमच्या घरी ही माहिती दिल्यावर थोडा वेळ शांतता होती.) हॉस्पिटल असून रोगी तोंडी लावण्यापुरते, मारामारी नाही, खलनायक नाही. माणसं नुसती बोलतात, आणि आपण ऐकत राहतो. उर्दू निम्मी डोक्यावरून जायची, तरी आमच्या आईला मरिना खान कधी रुसली आहे आणि कधी नुसतीच रुसल्याचं दाखवते आहे, हे बरोबर कळायचं. ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र मी तरी देऊ शकत नाही.

याच लेखिकेची १९८५ ची 'तनहाइयां' मला आणखी वरची वाटते. आईवडील गेलेली मुलगी त्यांचं विकलेलं घर परत घ्यायचं म्हणून झटते आणि त्या नादात जवळची माणसं दुरावते. गृहकर्जाच्या टेबलावर बारा वर्षं काढलेला माणूस म्हणून सांगतो, असे अर्ज रोज येतात. फक्त फॉर्ममध्ये 'कारण' या रकान्यात 'निवास' एवढंच लिहितात.

शेजारच्या आजोबांचं पाहणं निराळंच होतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी माणसांची चांगली वस्ती होती. आजोबांची शाळा, पहिली नोकरी तिथली. १९४७ साली एका ट्रंकेनिशी इकडे आले. आम्ही नायक-नायिका बघायचो, ते त्यांच्या पाठीमागचा रस्ता बघायचे. बाहेरचं दृश्य आलं की म्हणायचे, "बाळ, जरा मागे घे रे." काही ओळखीचं दिसलं का, ते कधी सांगितलं नाही. आणि पाकिस्तानशी क्रिकेटचा सामना असला की त्यांच्याइतक्या शिव्या चाळीत कुणी देत नसे.

२०११ मध्ये 'धूप किनारे'वरून हिंदीत 'कुछ तो लोग कहेंगे' आली. लखनौतली गोष्ट, रंगरंगोटी झकास. पण रोजची मालिका म्हटल्यावर रतीब आला, आणि रतीब म्हटला की पाणी आलंच. मूळ डॉक्टर गप्प बसायचे ते सांगण्यासारखं पुष्कळ होतं म्हणून. हे गप्प बसायचे ते ब्रेकसाठी.